आयटम बसला हे कळतं कसं?

नागपूर, आषाढातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. वहिनींच्या गुडघ्याविषयी फोनवर बोलूच. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपाशी थांबलो. दीड वर्ष जादूचा दोरीचा आयटम घोटतो आहेस, हात चुकत नाहीत, गाठ वेळेवर सुटते, आणि तरी लिहितोस, 'झाला असं वाटतच नाही. तुझा वाट्यांचा झाला का?' पाच दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. आज सकाळपासून पाऊस लागून राहिला आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो.

नाही झाला. वाट्यांखालच्या गोळ्या गायब करून परत आणायचा हा खेळ घोटतोय, येत्या दिवाळीला अकरा वर्षं होतील.

झाल्यासारखा मात्र दोनदा वाटला होता. पहिली वेळ तुझ्या धंतोलीच्या खोलीतली. कपाटाच्या आरशासमोर रात्री दोन-दोनपर्यंत उभे राहायचो आपण. मी सलग वीस वेळा न चुकता केला आणि तू म्हणालास, 'बसला बे!' हात बसले म्हणजे आयटम बसला, असंच धरून चाललो होतो आपण. आज वाटतं, तिथून तर सुरुवात होती.

बुधवार बाजारातला तो म्हातारा आठवतो? महाल भागात, पोतं अंथरून हाच खेळ करायचा. लाकडी वाट्या, वर गोल मूठ, ती मूठ दोन बोटांत धरून वाटी उचलायचा. तळहात कसा सैल, बिनकामाचा दिसायचा त्याचा! तसा सैल तळहात मला अजून जमलेला नाही. शेवटची वाटी उघडायच्या आधी तो तिच्यावर पालथा हात ठेवायचा आणि जमुऱ्याला, म्हणजे मदतनीस पोऱ्याला, कटोरा घेऊन फिरवायचा. पैसे आधी, शेवट नंतर. एके दिवशी कटोरा फिरत असतानाच वळीव आला. म्हाताऱ्याने वाट्या तशाच पोत्यात गुंडाळल्या आणि निघून गेला. तू महिनाभर म्हणत होतास खाली कांदा होता, मी म्हणत होतो कोंबडीचं पिल्लू. त्याचे पुरे झालेले खेळ मला फारसे आठवत नाहीत. ती न उघडलेली वाटी मात्र डोळ्यांसमोर आहे.

मग आयटम मुद्दाम अर्धवट सोडला तर? याचा विचार करताना जादूगार पी. सी. सरकार आठवतात. १९५६ च्या एप्रिलमध्ये लंडनला बीबीसीवर त्यांनी मुलीला गोल करवतीने कापण्याचा प्रयोग केला. कापून झाल्यावर तिला हाका मारल्या, हात चोळले, ती उठेना. तेवढ्यात निवेदक कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला आणि कार्यक्रम संपला म्हणाला. वेळ संपली होती. घरोघरी बघणाऱ्यांना वाटलं मुलगी गेली! बीबीसीत फोनवर फोन. मुलगी सुखरूप होती, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत सरकारांचंच नाव. आपण कॉलेजात ही गोष्ट एकमेकांना किती कौतुकाने सांगायचो! आता मला ती तितकी आवडत नाही. जे कापलं ते परत जोडून देणं हा आपला शब्द असतो. म्हातारा पावसामुळे गेला, त्याचा इलाज नव्हता. पण माणसाला भीतीत सोडून पडदा पाडायचा आणि त्याला शेवट म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

त्याच सरकारांचा लोटा मला फार मोठा वाटतो. 'वॉटर ऑफ इंडिया'. लोटा पालथा करून रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा. दुसरा प्रयोग झाला की पुन्हा त्याच लोट्यातून पाणी. आणखी एक प्रयोग, पुन्हा पाणी. कसं, ते तुला ठाऊक आहे, कागदावर नको. सांगायचंय ते एवढंच की हा माणूस एक आयटम सबंध खेळभर संपू देत नव्हता, आणि लोकांना त्याचाच आनंद होत होता. १९७१ च्या जानेवारीत जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले.

आता माझं. दुसऱ्यांदा झाल्यासारखा वाटला तो गेल्या हिवाळ्यात.

जगभर लोक या खेळाच्या शेवटी वाटीखालून लिंबू काढतात. मी संत्रं काढायचं ठरवलं. नागपूरचा माणूस, लिंबू काहून काढू? इतवारीतून रुंद तोंडाच्या पितळी वाट्या आणल्या. बर्डीवरच्या हातगाडीवाल्याकडे जाताना आईची एक जुनी बांगडी खिशात असते. बांगडीतून सरकेल तेच संत्रं वाटीत मावतं. तो बिचारा आता स्वतःच बांगडी मागून घेतो आणि निवडून देतो.

डिसेंबरात प्रतापनगरात एका वाढदिवसाला गेलो होतो. तीन लोकरी गोळ्या, तीन वाट्या, सोबत सांगायची राजाची गोष्ट, सगळं मनासारखं चाललेलं. सहा-सात वर्षांची एक पोरगी अगदी पुढे मांडी घालून बसली होती. गोळ्या अजून फिरत होत्या आणि ती म्हणाली, 'काका, संत्र्याचा वास येऊन राहिला.' झालं! सगळे पोट्टे नाकं वर करून हुंगायला लागले. वाटी उचलली, संत्रं निघालं, आणि कोणी श्वाससुद्धा रोखला नाही. 'बघा, म्हटलं होतं ना!' एवढंच ऐकू आलं. अजनी पुलावरून स्कूटरने परत येताना हँडलवरच्या माझ्या हातांना तोच वास येत होता. सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, मुठीत धरलं की तेल हाताला लागतं. दहा वर्षं मी डोळ्यांचाच बंदोबस्त करत आलो होतो, नाक लक्षातच आलं नव्हतं. आरशाला कुठे वास येतो?

तोड सापडली अमरावतीच्या एसटीत. कुणीतरी संत्रं सोललं आणि बसभर वास पसरला. दहा मिनिटांनी मी डोळे मिटून पाहिलं, कोणत्या सीटवरून येतो ते सांगता येईना. दुसऱ्याच प्रयोगापासून मी सुरुवातीलाच एक संत्रं सर्वांसमोर सोलू लागलो. फोडी पुढच्या रांगेत वाटायच्या, साल बशीत टेबलाच्या कडेला. आता वासाला कारण आहे. गंमत म्हणजे त्यामुळे राजाची गोष्ट नकोशी झाली, ती काढली. मग गोळीचा रंग बदलायचा तो टप्पा, ज्यासाठी मी एक सबंध वर्ष घातलं, तोही अडचणीचा वाटू लागला. फोडी खात बसलेल्या माणसाला रंगाशी काय देणंघेणं? तो काढताना जिवावर आलं रे. आठ मिनिटांचा आयटम पाच मिनिटांवर आला.

फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्रं आली तेव्हा, एका सभागृहात केला. पुढे एक आजोबा फोड चघळत बसले होते. शेवटची वाटी उचलली आणि चघळता चघळता त्यांचं तोंड थांबलं. टाळ्या नंतर आल्या. मी ते थांबलेलं तोंड बघत होतो. वाटीकडे माझं लक्षच नव्हतं, आणि असं पहिल्यांदाच झालं होतं. त्या रात्री झोप आली नाही. वाटलं, हेच ते.

आणि मे महिन्यात संत्रं नाही. उन्हाळी शिबिरात लिंबू घेऊन केला, लिंबाची फोड कोण खाणार? सगळी घडीच विस्कटली. म्हणजे हा आयटम वर्षातून जेमतेम पाच-सहा महिने जिवंत असतो.

रोमच्या तत्त्वज्ञ सेनेकाने पहिल्या शतकात मित्राला लिहिलेल्या एका पत्रात आपल्याच या वाट्या-खड्यांचा उल्लेख आहे. फसण्यातच मजा आहे, करामत कळली की ती गेली, असं तो लिहितो. आपलं दुखणं तेच आहे. आपल्याला करामत ठाऊक असते, म्हणून आपल्या आयटमला आपण कधीच पहिल्यांदा बसू शकत नाही. 'झाला का' हे तुझ्या खोलीत तुला कळणार नाही. नाटकवाले नाटक 'बसवतात', आणि एखाद्या प्रयोगाला 'आज बसलं' म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करायचं असतंच.

दोरीचं एक सुचवू? तिसरी गाठ काढून बघ. मला माहीत आहे ती तुझी सर्वांत लाडकी आहे. ती काढल्यावर माणसं कुठे बघतात ते कुणाला तरी टिपायला सांग, तू स्वतः नको.

नाहीतर दिवाळीनंतर इकडेच ये, दोरी घेऊन. आंबिया बहाराची संत्रं तोवर बाजारात असतील. मी तुला पुढच्या रांगेत बसवीन, फोड देईन, आणि तू वाट्यांकडे न बघता लोकांकडे बघायचं. तुझा आयटम झाला की मीही तेच करीन. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. येताना पितळ पॉलिश करायची ती तुमच्याकडची पूड आण, वाट्या फार काळवंडल्या आहेत या पावसात.

तुझाच,
जुना जोडीदार