काका, तुम्ही 'ऑनरेरियम' खोडलंत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काका,

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चल चल, चहा घे" करून विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे मोबाईल बघायला डॉक्टरांनी मनाई केलीय हे माहितीय, काकू वाचून दाखवतील. आणि काकू, मध्ये मध्ये तुमचाही उल्लेख येणारय, तो गाळून वाचू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही मुंबईतल्या वस्त्यांमध्ये घरोघर फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका. गरोदर बायांची नोंद, बाळांचे डोस, टीबीच्या पेशंटच्या गोळ्या चालू आहेत का, पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी साठवलंय का, सगळं आमच्याकडे. खातं कुठलं, ऑफिस कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. कागदावर आम्ही कामगार नाही, स्वयंसेविका, म्हणजे हौस आली म्हणून रोज सकाळी रजिस्टर काखेत मारून चार-चार मजले चढणाऱ्या. आणि महिन्याला मिळतो तो पगार नाही, मानधन. २०२२ ला ते मानधन तीन महिने आलंच नाही. जूनमध्ये आझाद मैदानात ताडपत्री टाकून दोन दिवस बसलो, तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या अकरा जणींना सांगितलं उद्यापासून येऊ नका. तोंडी सांगितलं हां, कारण कामगारच नाही तर कामावरून काढल्याचं पत्र कशाला द्यायचं.

त्या अकरांमध्ये मी पण होते. तरी सवयीने दुसऱ्या दिवशी गिरगावात तुमच्या चाळीत आले, काकूंचं बीपी बघायचं होतं म्हणून, आणि गॅलरीत बसून काकूंसमोर रडले. काकूंनी तिथूनच आवाज दिला, "अहो, बाहेर या, ही काय म्हणतेय ऐका जरा." तुम्ही पेपर हातात घेऊन आलात, सगळं ऐकलंत आणि पहिला प्रश्न काय विचारलात, तर "लेखी काय काय आहे तुमच्याकडे?" मला तेव्हा रागच आला होता. इथे माणूस रडतंय आणि ह्यांना लेखी पाहिजे.

लेखी म्हणजे आमचा चार पानी अर्ज होता. त्यात सगळं होतं, कोरोनात आम्ही काय काय केलं, कुणाचा नवरा आजारी, कुणाच्या मुलीची फी राहिलीय, साहेब कसे बोलले. तुम्ही तो दोनदा वाचलात आणि पेन्सिलने खोडायला सुरुवात केलीत. तेव्हा कळलं की तुम्ही फोर्टात सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसला तारमास्तर होता. तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून माणूस आयुष्यभर शब्द कापत बसला. जुलै २०१३ ला सरकारने तारच बंद केली पण तुमची सवय काही गेली नाही. चार पानांच्या अकरा ओळी झाल्या. कोण, किती जणी, किती महिन्यांचे पैसे, कोणत्या तारखेला काढलं, मागणी काय. नवऱ्याचं आजारपण गेलं, फी गेली, साहेब पण गेले. मी म्हटलं काका यात आमचं दुःख कुठाय, तर म्हणालात, "अकरा जणी, तीन महिने. आणखी काय पाहिजे?"

मग त्या अकरा ओळींचं इंग्लिश करायला बसलात. तुमचा तो कीबोर्ड, ज्याच्यावरची निम्मी अक्षरं पुसली गेलीयत, आणि त्याच्यावर तुमची बोटं अशी पळत होती की मी बघतच बसले. मानधन शब्दाशी येऊन थांबलात. मी हुशारी करून सांगितलं, ऑफिसच्या सर्क्युलरमध्ये ऑनरेरियम लिहितात. तुम्ही ते टाईप केलंत, थोडा वेळ बघत राहिलात आणि खोडलंत. म्हणालात, "मान देतात आणि धन बुडवतात. तू घरी काय म्हणतेस, मानधन आलं का पगार आला?" मी म्हटलं पगार. "मग मी वेज लिहिणार, म्हणजे मजुरी."

मला भीती वाटली. ऑफिसला कळलं तर म्हणतील खोटं लिहिलं. तेव्हा तुम्ही कपाटातून कात्रण काढलंत. त्याच वर्षी, २५ एप्रिल २०२२ ला, सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या अंगणवाडी ताईंच्या केसमध्ये निकाल दिला होता की त्यांना ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे, आणि ज्याला मानधन म्हणतात ते कायद्याच्या व्याख्येत वेतनच आहे. दुसरं एक कात्रण होतं २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेचं. तिथे सरकार, मालक, युनियन सगळे एका टेबलावर बसून म्हणाले होते की अंगणवाडी, आशा, मध्यान्ह भोजनवाल्या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या. नऊ वर्षं ते कागदावर होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. उलट मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांना जागतिक पुरस्कार दिला तेव्हा आम्हीच एकमेकींना फुलांचे फोटो पाठवत होतो.

इथपर्यंत मला वाटत होतं पत्र ऑफिसला जाणार. तुम्ही म्हणालात ऑफिसला जाईलच, पण बाहेरही जाईल. बाहेर म्हणजे कुठे, मंत्रालयात? तर म्हणे परदेशात. खरं सांगू का काका, त्या दिवशी खाली उतरताना मी जिन्यातच ठरवलं होतं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. सॉरी.

नंतर तीन संध्याकाळी तुम्ही पत्ते शोधत बसलात आणि शोधता शोधता मला शिकवत गेलात. की पीएसआय म्हणून सरकारी सेवेतल्या कामगारांच्या युनियनांची एक जागतिक संघटना आहे, पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनल, १९०७ पासून, नर्स, सफाईवाले, पाणीखातं, वीजवाले सगळे त्यात येतात. की जिनिव्हाच्या आयएलओत, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत, भारत १९१९ पासून म्हणजे पहिल्या दिवसापासून मेंबर आहे, आणि तिथे कामगारांचा माणूस पाठवायचा तर देशभरची संघटना हवी, हे आयटक ही कामगार संघटना निघायचं एक मोठं कारण, ती निघाली ती पण आपल्या मुंबईतच, ३१ ऑक्टोबर १९२० ला एम्पायर थिएटरमध्ये. आणि तरीसुद्धा युनियन करायच्या हक्काचे जे दोन मोठे करार आहेत, ८७ आणि ९८ नंबरचे, त्यावर आपल्या सरकारने अजून सही केलेली नाही, आणि कारण काय देतात, तर सरकारी नोकरांवर जी बंधनं आहेत ती काढावी लागतील. मी म्हटलं, म्हणजे आम्ही मानधनाला सरकारी नोकर नाही आणि हक्क मागायला गेलो की सरकारी नोकर? तुम्ही नुसते हसलात, काकूंनी मात्र आतून शिवी घातली.

तुमची स्वतःची गोष्ट तर तुम्ही सांगितलीच नाहीत, काकूंनी सांगितली. १९ सप्टेंबर १९६८ चा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप, गरजेवर आधारित किमान वेतनासाठी, आणि त्यात बाविसाव्या वर्षी तुम्ही सस्पेंड. मग १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वेचा वीस दिवसांचा संप, सतरा लाख माणसं, तेव्हा परदेशातल्या युनियनांच्या पाठिंब्याच्या तारा तुमच्या हातून गेल्या म्हणे. कुणाच्या, कुणाला, काय लिहिलं होतं, ते मात्र पन्नास वर्षांनंतरही तुम्ही सांगत नाही. तारेतला मजकूर बाहेर बोलायचा नाही. मी खोदून खोदून विचारलं, चकलीची लाच पण देऊन पाहिली.

पत्रं गेली आणि पहिला आठवडा काहीच नाही. मग एका दिवशी ऑफिसातल्या क्लार्कने मला फोन करून हळूच विचारलं, "ताई, तुमची फॉरेनला ओळख आहे का?" तीन वेगवेगळ्या देशांतल्या युनियनांनी साहेबांच्या मेलवर पत्र टाकलं होतं, अकरा जणींचा आकडा, तारीख, सगळं तुमच्या अकरा ओळींतलं. साहेबांनी म्हणे ते प्रिंट काढून वर पाठवलं आणि वरून उलट विचारणा आली की हे काय प्रकरण आहे.

आणि तो फोटो! कुठल्या तरी हॉस्पिटलच्या बाहेर, जाड जाड कोट घातलेल्या आठ-दहा नर्स, हातात कागद, आणि कागदावर मराठी. तुम्ही त्यांना मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं होतं ते त्यांनी बघून बघून काढलं होतं. "मुंबईच्या ताईंना कामावर घ्या." डोक्यावरची रेघ कुणी दिलीच नव्हती, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, दोरी तुटून वाळत घातलेले कपडे खाली पडावेत तसं, आणि 'ईं'वरचे रफार-टिंब तर भलतीकडेच. आमच्या ग्रुपवर तो फोटो पडला तेव्हा पहिल्यांदा सगळ्या हसल्या, मग एकीने लिहिलं, "ह्यांना किती वेळ लागला असेल गं", आणि मग बराच वेळ कुणी काही टाकलंच नाही.

पण मला विचाराल तर नेपाळचा तो व्हिडिओ कॉल सगळ्यात भारी. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, म्हणून आम्ही लेट आणि त्या वाट बघतायत. तुम्ही मध्ये बसून इंग्लिश-मराठी करायला तयार, पाणी पिऊन, घसा साफ करून. आणि पहिल्याच बाईच्या मागे भिंतीवर फलक होता, त्यावर लिहिलेलं "महिला स्वास्थ्य स्वयंसेविका". मी तुमच्या आधी वाचलं. तिथे पण स्वयंसेविकाच! १९८८ पासून त्यांच्याकडे हे चालू आहे, पन्नास हजारांवर बाया. पुढचा अर्धा तास आम्ही तुम्हाला तोंड उघडू दिलं नाही, मोडक्या हिंदीत सगळं चाललं, त्यांनी त्यांच्या छत्र्या दाखवल्या, आम्ही आमची रजिस्टरं. पाकिस्तानातल्या लेडी हेल्थ वर्कर रस्त्यावर बसल्या, कोर्टात गेल्या आणि २०१२ नंतर नोकरीत कायम झाल्या, हे पण त्यांच्याकडूनच कळलं. एरवी पाकिस्तान म्हटलं की आमच्या ग्रुपवर काय चालतं ते सांगायला नको, त्या दिवशी सगळ्या विचारत होत्या की त्यांचा वकील कोण होता.

पुढे तीन महिन्यांचे पैसे आले, दोन हप्त्यांत. अकरांपैकी नऊ जणींना परत घेतलं. पत्रांमुळे की मैदानामुळे की पेपरात आलेल्या चार ओळींमुळे, ते मला माहीत नाही, आणि जे म्हणतात फॉरेनच्या पत्रामुळेच झालं त्यांच्याशी मी भांडते, कारण पावसात ताडपत्री धरून आम्ही उभ्या होतो. पण साहेबांचा सूर बदलला तो प्रिंट काढल्यानंतर, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि मला वाटलं झालं, संपलं. तुम्ही डिसेंबरात परत बोलावलंत. ब्रिटनच्या नर्सनी १५ आणि २० तारखेला संप केला, त्यांच्या शंभर वर्षं जुन्या आरसीएन या नर्सच्या युनियनचा पहिलाच एवढा मोठा संप, आणि तुमचं म्हणणं की आता आपण लिहायचं. त्यांचा पगार रुपयात ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "आपण ह्यांना पाठिंबा द्यायचा? ह्यांनी आपल्याला दत्तक घ्यावं!" तुम्ही शांतपणे म्हणालात, भाडं पण त्या तिकडचंच भरतात. मग आम्ही बावीस जणींनी मराठीत सह्या करून पत्र पाठवलं, सहा ओळींचं, एकही ओळ जास्त नाही. उत्तर आलं तेव्हा तुम्ही ते मला मोठ्याने वाचायला लावलंत, इंग्लिशमध्ये, आणि चार ठिकाणी अडखळले तरी मध्ये बोलला नाहीत.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे राहिलेल्या दोघींपैकी एकीचं नाव गेल्या आठवड्यात परत यादीत आलं. तीन वर्षांनी. ती पेढे घेऊन तुमच्याकडे आली होती, पण तुम्ही हॉस्पिटलात होतात. दुसरी आता एका डबेवालीकडे पोळ्या लाटते, तिला परत यायचंच नाही म्हणते, पण मला ते पटत नाही, तिचं पत्र आपण पुन्हा काढूया. मी मसुदा केलाय. चौदा ओळी झाल्यात, मला कापता येईना.

नेपाळहून पण चिठ्ठी आलीय, त्यांच्याकडे परत काहीतरी चाललंय. वाचून कळतंय बरंचसं. गुरुवारी पाचला येते, तुम्ही डोळे मिटून ऐका, मी वाचते. काकू, चहात साखर कमी घाला, तुमचं बीपी पण बघायचंय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावर रडलेली स्वयंसेविका
(कामगार)