घर कुठे घ्यायचे ते आम्ही ठरवू, पूररेषा कुठे आहे ते आपण सांगा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: घरविक्रीच्या करारनाम्यात पूररेषेची नोंद सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

बदलापुरात घर घ्यायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, पूर्वेला की पश्चिमेला? मग स्टेशनपासून किती लांब, पाणी किती वेळ येते, आणि शेवटी पावसाळ्यात काय होते. पहिल्या तिन्हींची उत्तरे इथला रिक्षावालाही देईल. चौथ्याचे नेमके उत्तर, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणारी पूररेषा, शासनाकडे आहे, पण ते घर घेणाऱ्याच्या हातात पडत नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही नवरा-बायको कात्रपला भाड्याने राहतो. दोघांच्याही नोकऱ्या मुंबईत. ठाण्याचे नावच सोडा, डोंबिवलीचे दरही आम्हाला झेपत नाहीत. सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवरच्या या गावात आमच्यासारखीच माणसे येतात. 2001च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले हे शहर 2011मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले आणि त्यानंतर किती वाढले ते सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चढायचा प्रयत्न करणाऱ्याला सांगावे लागत नाही. आयुष्यभराची बचत, बायकोचे दागिने, गावच्या जमिनीतला वाटा विकून आलेले पैसे आणि वीस वर्षांचे कर्ज, असे सगळे एकत्र करून माणूस इथे वन बीएचके घेतो. चूक झाली तर दुसरे घर घेण्याची ऐपत कोणाचीच नसते.

आमच्यासमोर सध्या दोन घरे आहेत. एक शिरगावच्या बाजूला. स्टेशनला शेअर रिक्षा, पाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतील, बेडरूममध्ये पलंग आणि कपाट एकत्र मावणे कठीण. दुसरे पश्चिमेला, नदीच्या बाजूला. स्टेशन चालत गाठता येते, खोल्या मोठ्या, बाल्कनीतून झाडी दिसते आणि किंमत पहिल्यापेक्षा काही लाखांनी कमी. कमी का, हे विचारल्यावर सेल्स ऑफिसमधल्या मुलाने सांगितले, ‘‘लाँचिंगची ऑफर आहे सर.’’ पुराचे विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘पाणी समोरच्या रोडपर्यंत येतं, आपल्याकडे नाही.’’

त्या समोरच्या रोडवर एक जुनी इमारत आहे. सॅम्पल फ्लॅट बघून आम्ही तिथे गेलो. विजेचे मीटर साधारण जिन्याखाली, हाताला येतील असे असतात. इथे ते पहिल्या मजल्याच्या वळणावर बसवलेले आहेत. खाली, जिथे पूर्वी मीटर होते, तिथे भिंतीत खिळ्यांची भोके आणि कापलेल्या पाइपची टोके अजून दिसतात. पार्किंगच्या खांबांना नवा रंग आहे, पण जिन्यामागच्या कोपऱ्यात रंगारी पोहोचला नव्हता. तिथे माझ्या छातीइतक्या उंचीवर गाळाची सरळ तपकिरी रेघ होती. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘‘नदीची लेव्हल सांगणारा मेसेज आला की आम्ही आधी गादी आणि तांदळाचा डबा वर नेतो.’’

महोदय, त्या आजींना माहीत आहे, मीटर वर चढवणाऱ्या वायरमनला माहीत आहे. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर, हे आकडे इथल्या जुन्या रहिवाशांना पाठ आहेत. नवीन गिऱ्हाईक तेवढे कोरे असते. तो साताऱ्याहून, जळगावहून किंवा परळच्या चाळीतून आलेला असतो, बहुधा रविवारी दुपारी, बहुधा पावसाळा नसताना. नदीला पाणी कर्जत-खंडाळ्याच्या डोंगरातून येते, त्यामुळे इथे पाऊस थांबलेला असतानाही ते चढू शकते, हे त्याला कोण सांगणार?

26 जुलै 2005चा पूर इथे कोणी विसरलेले नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते सगळ्या देशाने पाहिले. त्याच पुरात शहराच्या पश्चिम भागात तळमजले बुडाले, त्याची बातमी मात्र लवकर विरली.

पूररेषा आखण्याचे काम जलसंपदा विभागाचे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम. आपल्याच खात्याच्या 2020च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत त्या मधल्या पट्ट्यासाठी जोत्याची (इमारतीच्या पायावरच्या चौथऱ्याची) उंची लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवण्याची अट आहे. म्हणजे नियम आहेत आणि नकाशेही आहेत. नाही ती एवढीच गोष्ट, की तीस-पस्तीस लाख मोजणाऱ्या माणसाने मोबाईलवर सर्वे नंबर टाकावा आणि आपला प्लॉट निळ्या रेषेच्या आत, दोन्ही रेषांच्या मध्ये की बाहेर, हे त्याला दिसावे. सातबारा तसा घरबसल्या दिसतो. गावचा नकाशाही दिसतो. मग त्याच नकाशावर दोन रेषा ओढायला काय हरकत आहे?

गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचा नंबर असला की सगळे आले, असे आम्हाला वाटायचे. 2017पासून रेरा कायदा लागू झाल्याने खूप फरक पडला, हे खरेच. जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा झाला तेव्हा बरे वाटले. पण शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवलेल्या 65 इमारती उभ्या राहिल्या आणि 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथेही माणसे राहत होती, हप्ते भरत होती. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे जागा सुरक्षित, हाही तसाच समज. आणि इथल्या माहितीपत्रकांवर प्रस्तावित मेट्रो 14 आणि नवा महामार्ग ठळक अक्षरात असतात, नदी मात्र ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून.

माझी मागणी अशी. विक्रीच्या नोंदणीकृत करारनाम्यात आणि महारेराच्या प्रकल्प पानावर पूररेषेची नोंद सक्तीची करा. जोत्याची पातळी आणि त्या ठिकाणची लाल रेषेची पातळी, दोन्ही मीटरमध्ये, शेजारी शेजारी लिहा. पार्किंग जोत्याच्या खाली असेल तर तेही लिहा, कारण गाडी आणि विजेचे मीटर दोन्ही तिथेच असतात. उल्हासची रेषा चुकीची आहे, पुन्हा सर्वेक्षण करा, अशी मागणी शहरात झालेली आहे. सर्वेक्षण जरूर करा. पण रेषा सरकली तर जुनी पुसू नका. जुनी कुठे होती, नवी कुठे आहे आणि का सरकली, हे तिन्ही आम्हाला पाहू द्या.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खोटा वाटत नाही. ज्यांनी आधीच तिथे घरे घेतली त्यांची किंमत पडेल. त्या आजींचे घर कोण घेईल? त्याचा विचार मीही केला. पण गप्प राहण्याने नुकसान टळत नाही, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. या जुन्या इमारतींसाठी शासनाने वेगळी योजना आणावी: संरक्षक भिंत, नाल्यांची तोंडे मोकळी ठेवणे, पुनर्विकासात तळमजल्यावरच्या कुटुंबांना वरची घरे देणे. आपल्या खात्याने मनावर घेतले तर हे होऊ शकते. पण तोवर कोणाचीतरी फसवणूक होत राहावी, हे मला पटत नाही.

पाण्याचेही एका ओळीत सांगतो. शहराला पाणी पुरवणाऱ्या जीवन प्राधिकरणाची जोडणी मंजूर आहे की टँकरवर भागवायचे, हेही त्याच करारनाम्यात असावे.

आम्हाला पश्चिमेचे घर मनापासून आवडले आहे. बायकोने तर स्वयंपाकघरात फ्रिज कुठे ठेवायचा तेही ठरवले. ती जागा लाल रेषेच्या बाहेर असेल तर आम्ही ते उद्या घेऊ, आत असेल पण जोते पुरेसे उंच असेल तरी विचार करू. बिल्डरकडे जोत्याची पातळी लेखी मागितली तर ‘‘बुकिंगनंतर देतो’’ असे उत्तर आले. बुकिंगची मुदत या महिनाअखेर संपते. सर्वे नंबरनुसार पूररेषा पाहण्याची सोय आपण कधीपर्यंत कराल, याचे उत्तर जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
बदलापूर पूर्वेचा एक भाडेकरू