नकाशात उंचीही दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिंबोराझोचे शिखर पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर आहे, हे विद्यार्थी पुरवण्यांत वरचेवर छापून येते. ते खरे आहे. पण दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या त्याच नावाच्या प्रांतात माणसे कुठे राहतात आणि काय पिकवतात, याबद्दल चकार शब्द नसतो. शिवाय जगाच्या नकाशात विषुववृत्ताचा सगळा पट्टा 'उष्ण व दमट' म्हणून एकाच रंगात रंगवलेला असतो. हा प्रांत विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर, तरी तिथे दहिवराने, म्हणजे रात्री गोठलेल्या दवाने, बटाट्याचे पीक जळते.

इंदूरच्या मुलांना हे समजणे अवघड नाही. जाम घाट उतरून महेश्वरला गेले की आपण सुमारे ४०० मीटर खाली येतो. दर १,००० मीटर चढले की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते असे धरले, तर तेवढ्यात अडीच अंशांचा फरक पडतो. चिंबोराझो प्रांत सुमारे ३०० मीटरवरच्या कुमांदापासून थेट ६,२६३ मीटरच्या शिखरापर्यंत चढतो. खाली ऊस आणि केळी, वर मका, त्याहून वर बटाटा आणि बार्ली, ३,५०० मीटरच्या पुढे पारामोचे, म्हणजे उंचावरच्या थंड माळांचे, गवत, शेवटी बर्फ. प्रांताची राजधानी रिओबांबा २,७५० मीटरवर आहे. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उघड्या भांड्यात बटाटे शिजायला जास्त वेळ लागतो.

दहिवराचे कारण मुलांना नीट सांगायला हवे. तिथे महिन्या-महिन्यांच्या सरासरी तापमानात दोन-तीन अंशांचाच फरक असतो, पण दुपार आणि पहाट यांत दहा अंशांहून अधिक. हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे आभाळ निरभ्र असले की जमिनीची उष्णता रात्रीत निघून जाते. थंड हवा जड असते; ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. तळातले पीक जाते, मधल्या उतारावरचे वाचते. मात्र तो उतार उभा नांगरला की ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत माती पावसात वाहून जाते आणि खालचा 'कांगावा' हा टणक थर उघडा पडतो. त्यात मुळे शिरत नाहीत.

लोकसंख्येचेही तसेच. २०१० च्या जनगणनेत ४,५८,५८१ लोक, क्षेत्रफळ सुमारे ६,५०० चौरस किलोमीटर; म्हणजे घनता ७०. हा आकडा एकटा छापणे चूक आहे, कारण जवळपास निम्मे लोक एकट्या रिओबांबा तालुक्यात राहतात आणि बर्फाच्या रेषेखालच्या माळांवर वस्ती अगदी विरळ. दर दहांतले जवळपास चार जण मूलनिवासी आहेत, त्यांतले बरेच किचवा बोलणारे. उंचावरची लहान शेते पुरत नाहीत म्हणून कितीतरी जण ग्वायाकिल आणि कीटो या मोठ्या शहरांत कामाला जातात, आणि मागे शेतीचा भार बायकांवर पडतो.

आमची विनंती एवढीच, की पुरवणीत डोंगराळ प्रदेशाच्या नकाशाखाली पश्चिम-पूर्व उभा छेद द्यावा. दर १,००० मीटरला रेघ, तिच्यावर पीक आणि वस्ती. उभे प्रमाण आडव्याच्या किती पट ताणले आहे तेही लिहावे. नाहीतर साधा उतारही मुलांना कडा वाटतो.

आपले,
भूगोलाचे दोन शिक्षक, इंदूर