नव्या चेअरलिफ्टच्या आराखड्याबाबत पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मोसमात जुन्या चेअरलिफ्टवरून, म्हणजे स्की करणाऱ्यांना धावत्या दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून उतारावर नेणाऱ्या लिफ्टवरून, उतरताना मी पडले. उठायच्या आत मागची खुर्ची पाठीत बसली, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली, पाच महिने कुबड्यांवर गेले, नोकरी सुटली. अजूनही जिना उतरताना कठडा सोडवत नाही. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर शब्द दिला होतात की नवी लिफ्ट डिटॅचेबल, म्हणजे स्थानकात खुर्ची दोरापासून सुटणारी, असेल. परवा आराखडा पाहिला. खुर्च्या पुन्हा दोराला कायमच्या आवळलेल्या! आमच्या तोंडाला पानं पुसलीत.

हा किरकोळ तपशील नाही. कायम पकडीच्या लिफ्टमध्ये दोर धावतो त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण अडीच मीटरने, खुर्ची गुडघ्यांमागे येते. डिटॅचेबलमध्ये स्थानकात शिरताच पकड सुटते, खुर्चीचा वेग एक मीटरच्या आसपास उतरतो, माणूस नीट बसतो, नीट उतरतो. बाहेर पडल्यावर तीच खुर्ची पाच मीटरने धावते. चार आसनांच्या अशा लिफ्ट १९८१पासून चालताहेत. एवढ्या वर्षांनी आम्हाला मात्र जुनंच?

आराखड्यात ताशी २४०० प्रवासी लिहिलेत. चार आसनं, दर सहा सेकंदांना एक खुर्ची. गुणाकार बरोबर आहे. पण कुणी पडलं की लिफ्ट थांबते. अपघाताच्या आदल्या दिवशी मी रांगेत मोजलं होतं, तासाभरात अकरा वेळा थांबली. प्रत्येक वेळी वरचे सगळे वाऱ्यात लटकलेले. मग कुठले २४००?

मार्च २०१८मध्ये जॉर्जियातल्या गुदाउरीला चेअरलिफ्ट उलटी धावली, माणसं खुर्च्यांतून फेकली गेली. ते दृश्य जगाने पाहिलं. तरी आपल्या आराखड्यात दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकावरच्या आपत्कालीन ब्रेकबद्दल, दोर उलटा फिरू न देणाऱ्या यंत्रणेबद्दल एक ओळ नाही. वरच्या स्थानकाच्या रंगाला मात्र अर्धं पान दिलंय.

आणि हे ठरवलं कुणी? हरकतींना मुदत सात दिवस, नकाशा कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर. स्की शिकवणाऱ्यांना विचारलं नाही, लिफ्ट चालवणाऱ्या कामगारांना विचारलं नाही. रस्ता असो, पूल असो, सगळीकडे हेच: सगळ्यात कमी दराची निविदा उचलायची आणि उरलेला खर्च पडणाऱ्याच्या अंगावर टाकायचा. माझ्या गुडघ्याचा खर्च तुमच्या कुठल्या रकान्यात धरलाय?

डिटॅचेबल द्या. खरोखरच जमत नसेल, तर खुर्चीत बसायला उभं राहतो तिथे जमिनीवर, माणसाला खुर्चीच्या दिशेनेच पुढे नेणारा सरकता पट्टा तरी बसवा, म्हणजे खुर्चीचा धक्का कमी लागेल. मुलांसाठी वर उचलता येणारे असे सरकते पट्टेही मिळतात. उतरण्याचा उतार सौम्य करा, पुढे बाजूला व्हायला मोकळी जागा ठेवा.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. या मोसमात ती पहिल्यांदा एकटी खुर्चीत बसणार आहे. आराखड्यातली आसनाची उंची मी घरी भिंतीवर खूण करून तिच्याशी ताडून पाहिली. आसनाची कड तिच्या कमरेला लागते.

एक जखमी नागरिक