पट्टीचा कागद आता सरकत नाही, अण्णा

मार्केट यार्ड, सोलापूर

अण्णा, सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि यार्डातल्या आडत दुकानांचे कॉम्प्युटर तुम्ही विंडोज ११ वर नेलेत. हे पत्र खास प्रिंटरच्या कामासाठी. कांद्याचा लिलाव झाला की शेतकरी हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घेऊनच गावाकडे निघतो. तीन प्रतींची कार्बनची पट्टी सुयांच्या ठोक्यानं छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरशिवाय निघत नाही, त्यामुळे "नवा प्रिंटर घ्या" म्हणून तुम्ही हात झटकले नाहीत, हे फार मोलाचं.

विंडोज काढण्याआधी तुम्ही प्रत्येक प्रिंटरचं मॉडेल, पोर्ट, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कागदाचं माप वहीत उतरवलंत. खरं काम तिथंच झालं. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट विंडोज १० वरून त्यावर सरळ अपग्रेड होत नाही, सगळं नव्यानं टाकावं लागतं. आणि ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागात, चालत नाही. वही नसती तर जुनी मापं कुठून आणणार होतो?

ड्रायव्हर सापडला नाही की पुष्कळ जण 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' हा सरसकट ड्रायव्हर टाकून मोकळे होतात. इंग्रजी आकडे झरझर छापले जातात, पण शेतकऱ्याच्या मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. डॉट मॅट्रिक्सच्या आतल्या अक्षरसंचात सहसा देवनागरी नसते. अक्षर चित्रासारखं ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवणारा ड्रायव्हर लागतो. तुम्ही नेमक्या मॉडेलचा ६४-बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेतलात आणि छपाई थोडी सावकाश होईल, हेही आधीच सांगितलंत.

मग कागद. आमची पट्टी १० बाय ६ इंच. हे माप ड्रायव्हरमध्ये नसतं, विंडोजच्या फॉर्म्सच्या यादीत असतं, म्हणून नव्या विंडोजसोबत ते पुसलं जातं. मग ११ इंचाचा लेटर धरला जातो आणि एका पट्टीमागे पाच इंच कोरा कागद बाहेर येतो. पुढची पट्टी छिद्ररेषेच्या भलत्याच बाजूला छापली जाते. तुम्ही प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म केलात, रुंदी १०, उंची ६, समास शून्य. तोच फॉर्म प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये आणि पट्टीच्या सॉफ्टवेअरमध्येही निवडलात. दोन्हीकडे निवडावा लागतो, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

यूएसबीच्या ठरलेल्या खाचेवर खूण म्हणून लावलेल्या लाल चिकटपट्टीबद्दलही आभार. केबल दुसऱ्या खाचेत गेली की विंडोज 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर उभा करतं, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याकडेच छपाई पाठवत राहतं. विंडोजनं डीफॉल्ट प्रिंटर स्वतः बदलण्याची सोयही तुम्ही बंद केलीत. छपाई अडकली तर स्पूलर थांबवायचा, स्पूलमधलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करायचं, स्पूलर पुन्हा सुरू करायचा: हा तुमच्या हातचा कागद गल्ल्याशेजारी लावलाय.

दुसऱ्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं आवरतं घेणार, असं मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलंय. म्हणून तुम्ही दिलेला ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह तिजोरीत, चेकबुकांशेजारी ठेवलाय. त्याची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर करून घेतोय.

आपले,
आडत दुकानांतले दिवाणजी आणि ऑपरेटर