कंबरदुखीला आधी फिजिओथेरपिस्ट का नको?

महोदय,

ब्रिटनमध्ये कंबर-गुडघेदुखीचा रुग्ण अनेक ठिकाणी डॉक्टरांआधी फिजिओथेरपिस्टकडे जातो. आपल्याकडेही २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख मिळाली. आमच्या खेड्यात मात्र अजून सुई नि गोळीच. कापूस वेचून आईची कंबर धरली, तर दोन वर्षं नुसती इंजेक्शनं टोचली. व्यायाम कोणी दाखवला नाही. (पऱ्हाटीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला ‘आराम करा’ सांगणं तर सोपंच!) ग्रामीण रुग्णालयात अशा दुखण्याची पहिली तपासणी फिजिओथेरपिस्टनेच करावी. फक्त पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, दुखण्यासोबत ताप असं काही दिसलं, की त्याने व्यायामाच्या भानगडीत न पडता रुग्णाला तडक डॉक्टरांकडे धाडावं.

– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ