काकूंचा आकडा

काका, सा. न.

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा अंगठा पाठवून मोकळे झाला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

तो बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या लेखी तो मेला होता. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा ॲलिक्स २डी१३. वीतभरही नाही, ५०० मेगाहर्ट्‌झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, तीन लॅन पोर्ट, पंखा नाही. स्क्रीन जोडायची सोयही नाही; जे काय बोलेल ते सिरियल पोर्टमधून, म्हणजे एका तारेवरून अक्षरामागून अक्षर पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीतून. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली टाकून त्याला घरचा राउटर करायचा बेत होता, आणि लॅपटॉपवर एक अक्षर उमटत नव्हतं. 'भंगारात देऊ का?' असं मी विचारलं. तुम्ही बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंकडून केसांतला आकडा मागितलात, केबलच्या मोकळ्या टोकाला दोन आणि तीन नंबरच्या भोकांत घातलात आणि म्हणालात, "आता टाइप कर."

मी माझं नाव टाइप केलं. ते जसंच्या तसं परत आलं.

आकड्याने जाणारी तार येणाऱ्या तारेला जोडली होती, म्हणजे लॅपटॉप ठीक, केबल ठीक. फक्त माझी केबल सरळ होती: बोर्ड आणि लॅपटॉप दोघंही एकाच तारेवर बोलत होते आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसले होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या माणसाला यात नवल काय म्हणा, पण मी तीन रात्री जागलो होतो! तपकीर गल्लीतून दोन कनेक्टर आणले, तुम्ही तीन तारा सोल्डर केल्यात. दोनची तीनला, तीनची दोनला, पाचची पाचला. वेग सेकंदाला ३८४०० बिट ठेवला आणि मेमरी मोजणारे आकडे पडद्यावर पळायला लागले. ते मोजणं संपायच्या आत 'एस' दाबला की सेटिंग उघडतं आणि त्यात 'ई' दाबला की नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी लॅनवरून प्रणाली घेऊन सुरू होणं, चालू होतं, हे मला पुढे पाठच झालं.

नेटवर्क बूटचा खटाटोप हौस म्हणून नव्हता. या बोर्डाचं बायॉस, म्हणजे त्याला सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, यूएसबीवरून बूट करत नाही, डिस्क म्हणून आत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, आणि ते वाचणारा रीडर आजकाल कोणाकडे असतो?

मग फोनवरचा तो संवाद. मी सारखा 'एरर आलाय, एरर आलाय' म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "अरे, वाचून दाखव ना." वाचलं: पीएक्सई (नेटवर्क बूटची पद्धत)-ई५३, बूट फाइलचं नाव मिळालं नाही. तुम्ही क्षणभर थांबलात. "नाव नाही मिळालं. पण नेटवर्कवरचा पत्ता मिळालाय ना? मग तो दिला कोणी?" घरच्या जुन्या राउटरने! माझ्या लॅपटॉपवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम पत्ता आणि फाइलचं नाव दोन्ही द्यायला बसला होता, पण राउटर मध्येच पत्ता देऊन मोकळा होत होता. त्याची केबल काढली, बोर्ड थेट लॅपटॉपला जोडला. मग ई३२ आला, टीएफटीपीला (बूट फाइल लॅनवरून आणण्याच्या पद्धतीला) उत्तर नाही. तो तेवढा मी स्वतः शोधला: लॅपटॉपच्या फायरवॉलने टीएफटीपी ज्यावरून चालतं तो यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट अडवला होता. शाबासकी मिळाली नाही, हे नमूद करतो.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उतरला आणि पडद्यावर नुसता कचरा. मी हबकलो. तुम्ही हसलात. कर्नल ११५२०० च्या वेगाने बोलत होता, आणि मी ३८४०० ने ऐकत होतो. कर्नल उतरवणाऱ्या पीएक्सईलिनक्सच्या फाइलमध्ये सिरियल कन्सोलचा वेग लिहिला आणि अक्षरं लागली. सगळं रॅममध्येच चालणारा तो कर्नल तुम्ही स्वतःच्या मशीनवर रात्रभर बिल्ड करून दिला होता. रात्रभर पंख्याचा आवाज होता, हे मला काकूंकडून कळलं. तुम्ही बोलला नाहीत.

पुढचं सोपं होतं. रॅममधल्या ओपनडब्ल्यूआरटीवर खरी इमेज, म्हणजे कार्डावर कायम राहायची पूर्ण प्रत, कॉपी केली, आणि 'डीडी' या कमांडने कार्डावर लिहिली. लिहिण्याआधी डिस्कचं नाव तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत. सिंक (लिहिणं पूर्ण करून घेणं), रीबूट, आणि राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर लॉगिनचं पान.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. अडीनडीला असू दे म्हणून नेटवर्क बूट चालू ठेवायला सांगितलं होतंत. मी बंद केलं. वीज गेली-आली की दर वेळी ते लॅनवर उगाच कोणालातरी शोधत बसतं, आणि तोवर आईची मालिका अडकते.

आकडा माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देतो. काकूंना सांगा, वाकलेला नाही.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा